पिसांका आणि क्राशांका: एक ठेवायची, एक खायची

मे महिन्यात आमच्या शोकेसमधून वास यायला लागला तेव्हा मी आधी मेलेला उंदीर शोधला. सोफा ओढला, शू-रॅक रिकामी केली, मुलाच्या दप्तरातून विसरलेला डबा काढला. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. मधल्या फळीवर, गणपतीच्या शेजारी मानाने ठेवलेलं इस्टरचं अंडं. मुलाने स्वतः मेणाने नक्षी काढून, लाल-काळ्या रंगात बुडवून केलेलं. चूक माझी होती. नऊ वर्षांच्या पोराच्या हातात कच्चं अंडं कशाला द्यायचं, म्हणून मी ते आधी चांगलं बारा मिनिटं उकडलं होतं.

शेजारच्या युक्रेनियन आजींना हे सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. उकडायची ती क्राशांका. मेणाने लिहायची ती पिसांका, ती कच्चीच असते. एवढं साधं कोणाला माहीत नसेल, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

आम्ही राहतो एडमंटनमध्ये, कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात. युक्रेनहून लोक कॅनडात यायला लागले ते 1891पासून, आणि त्यांतले पुष्कळसे याच भागात शेती करत राहिले. त्यामुळे इथे इस्टर म्हणजे नुसता चॉकलेटचा ससा नसतो. आणखी एक गंमत: युक्रेनियनमध्ये आजीला ‘बाबा’ म्हणतात. ‘शेजारच्या बाबांकडे जाते’ असं सांगून चार वर्षांची मुलगी बाहेर पडली की आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांच्या चेहऱ्यावर प्रश्न उमटतात.

इस्टरला मुलांकडून घरी काही करून घ्यायचं म्हटलं की शोधात दोन्ही प्रकारांचे फोटो एकत्रच समोर येतात, दोन्हींवर ‘इस्टर एग’ एवढंच लिहिलेलं असतं आणि आपण एकाची कृती दुसऱ्याला लावतो. खरं तर नावांतच सगळं आहे. क्राशांका हा शब्द रंगवण्याच्या क्रियापदावरून आला, पिसांका आला ‘पिसाती’वरून, म्हणजे लिहिणे. सजवणे या अर्थाचा संस्कृतातला ‘पिंश्’ धातू त्याच घराण्यातला. आजी कधीही ‘पिसांका रंगवते’ म्हणत नाहीत. त्या पिसांका लिहितात.

क्राशांका म्हणजे उकडलेलं, एका रंगात रंगवलेलं अंडं. नक्षी नाही, काही नाही. इस्टरच्या टोपलीत पास्का नावाचा गोडसर पाव, लोणी, मीठ, सॉसेज यांच्यासोबत ते चर्चमध्ये नेतात, पाद्री त्यावर पवित्र पाणी शिंपडतात आणि घरी येऊन सगळे ते खातात. इस्टरच्या आधीच्या उपवासात अंडी वर्ज्य असतात. कोंबड्यांना मात्र उपवास नसतो, त्या घालतच राहतात, म्हणून सणाच्या दिवशी घरात अंडीच अंडी. पिसांका खाण्यासाठी नसतेच. ती भेट द्यायची, घरात ठेवायची, घर राखणारी वस्तू आहे. कार्पेथियन डोंगरातल्या हुत्सूल लोकांची समजूत अशी, की एक दुष्ट शक्ती साखळदंडांनी बांधून ठेवलेली आहे. ज्या वर्षी पुष्कळ पिसांका लिहिल्या जातात त्या वर्षी साखळ्या घट्ट राहतात, कमी लिहिल्या तर सैलावतात.

लहान मुलांसाठी मी नि:शंकपणे क्राशांकेच्या बाजूने आहे. चार वर्षांच्या मुलीला मेणबत्तीसमोर बसवून ‘हळू हं, हळू’ करण्यात तिला मजा नाही आणि मला तर अजिबात नाही. क्राशांकेला लागतं ते सगळं आपल्या स्वयंपाकघरात असतं. आठ-दहा कांद्यांची कोरडी सालं आठवडाभर डब्यात साठवायची. लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळायची, पाणी गाळायचं, गार झालं की दोन मोठे चमचे व्हिनेगर घालायचं. त्यात पांढऱ्या कवचाची अंडी सोडून परत उकडायची, दहा-बारा मिनिटं. आधी फिकट नारिंगी, मग विटेसारखा तांबूस रंग येतो. आणखी गडद हवा असेल तर भांडं तसंच फ्रिजमध्ये रात्रभर.

यात मुलांचं काम कुठे? आमच्याकडे ते कोथिंबिरीपासून सुरू होतं. कोथिंबिरीचं एक सुटं पान ओलं करून अंड्यावर चिकटवायचं, वरून जुन्या मलमलीचा तुकडा घट्ट ताणायचा, मागे दोऱ्याने बांधायचा आणि ती पुरचुंडी सालींच्या पाण्यात उकडायची. पानाखाली रंग पोचत नाही. गार झाल्यावर दोरा कापायचा मान मुलीचा. फडकं सुटतं, चिकटलेलं पान ती नखाने उचलते आणि खाली तांबूस अंड्यावर फिकट पान उमटलेलं असतं, देठ आणि कातरलेल्या कडांसकट. गेल्या वर्षी तिने बारापैकी नऊ अंड्यांवर कोथिंबीर लावली आणि दहाव्यावर पुदिना लावू दिला नाही, कारण ‘ते चटणीचं आहे’.

हळदीने पिवळा रंग येतो हे सांगायला नको, ओट्यावर तो जास्त येतो. बीटवर मात्र फार भरवसा ठेवू नका. पाणी दिसतं झकास गुलाबी, अंडं वाळलं की मळकट तपकिरी होतं. खरी जादू लाल कोबीची. चिरलेला कोबी उकळला की पाणी जांभळं होतं, त्यात उकडलेली अंडी रात्रभर ठेवली की सकाळी निघतात निळी. कोबीतलं रंगद्रव्य आम्ल-अल्कलीप्रमाणे रंग बदलतं आणि अंड्याचं कवच अल्कधर्मी असतं, म्हणून असं होतं. मुलाला हे कळलं, मुलीला कळलं नाही, आश्चर्य दोघांना सारखंच वाटलं.

व्हिनेगर रंग पक्का बसायला मदत करतं. अंड्याला बारीक बुडबुडे लागतात ते व्हिनेगर कवचातल्या कॅल्शियम कार्बोनेटवर काम करतंय म्हणून. जास्त झालं तर कवचच विरघळायला लागतं, तेव्हा हात आखडता ठेवा. आणि ही अंडी खायची आहेत हे विसरू नका. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिली तर खाऊ नयेत, फ्रिजमध्ये आठवडाभर चालतात. शोकेसमध्ये तर नाहीच.

आता पिसांका. बाटिक ठाऊक असेल तर तत्त्व तेच, कापडाच्या जागी अंडं. हत्याराला किस्तका म्हणतात: लाकडी दांडी, टोकाला पितळेची इवलीशी नरसाळी. ती मेणबत्तीवर तापवायची, मधमाशांच्या मेणात टेकवायची आणि वितळलेल्या मेणाने अंड्यावर रेघ ओढायची. जिथे मेण तिथे पुढचा रंग चढत नाही. पांढऱ्या अंड्यावर जे पांढरं राहायला हवं ते आधी मेणाने झाकायचं, मग अंडं पिवळ्या रंगात बुडवायचं. जे पिवळं ठेवायचं ते झाकून नारिंगीत, मग लालमध्ये, शेवटी काळ्यात. म्हणजे फिकटाकडून गडदाकडे, मागे फिरायला वाट नाही. चुकलेली रेघ पुसता येत नाही. आजी म्हणतात, चूक झाली तर तिथे एक फूल काढायचं.

शेवटी हातात उरतं ते काळंकुट्ट, खरबरीत, मेणाच्या पुटांनी भरलेलं अंडं. कोणालाही वाटेल, वाया गेलं. मग ते मेणबत्तीच्या ज्योतीच्या बाजूला धरायचं, वर नाही, वर धरलं तर काजळी बसते. मेण चकाकायला लागलं की मऊ कागदाने टिपायचं. एका पुसण्यात अंगठ्याएवढी जागा उघडी होते आणि आतून पांढरी, पिवळी, लाल रेघ बाहेर येते. माझा मुलगा एरवी दहा मिनिटं एका जागी बसत नाही. त्या दिवशी त्याने अर्धा तास एक अंडं पुसलं.

कच्चंच का, याचं उत्तर मला शोकेसच्या प्रकरणानंतर नीट कळलं. अंड्याच्या पांढऱ्या बलकात जंतूंना थोपवणारी प्रथिनं असतात, उकडल्यावर ती मोडतात. मग उकडलेलं अंडं बाहेर राहिलं की सडतंच. अखंड कच्चं अंडं मात्र कवचाच्या बारीक छिद्रांतून हळूहळू, वर्षानुवर्षं वाळत जातं. आजींच्या कपाटात एक पिसांका आहे, हलवली की आत वाळलेल्या पिवळ्या बलकाची गोळी खुळखुळते. अर्थात कच्च्याला तडा गेला किंवा ते बंद जागेत उन्हाने तापलं तर तेही फुटतं, आणि तो वास माझ्या प्रकरणापेक्षा भयंकर असतो म्हणे. म्हणून आता बरेच जण दोन्ही टोकांना भोक पाडून आतलं काढून टाकतात. हे रंगवून झाल्यावर करायचं, कारण रिकामं अंडं रंगात बुडत नाही, वर तरंगत राहतं. आणि ते तोंडाने फुंकायचं नाही, रबरी पंप वापरायचा. निघालेल्या बलकाची बुर्जी करायचा मोह मात्र टाळायचा. पिसांकेचे पारंपरिक झगझगीत रंग बहुधा ॲनिलीनचे असतात, पोटात जाण्याचे नव्हेत. रंगाच्या वाट्या आणि चमचे तेवढ्यासाठीच वेगळे ठेवा, डाळीच्या वाट्या देऊ नका.

मुलगा नऊचा झाला तेव्हा त्याला किस्तका दिली, तीही शेजारी बसून, केस मागे बांधून. त्याहून लहान मुलांसाठी मी दोघींच्या मधला एक प्रकार करते. अंडं क्राशांकेचं, म्हणजे उकडलेलं, युक्ती पिसांकेची. पांढऱ्या मेणखडूने अंड्यावर काहीही काढायचं, काढताना ते दिसतच नाही, आणि अंडं हळदीच्या गार पाण्यात सोडायचं. पाणी गरम असेल तर खडू वितळतो, आमचे दोन सूर्य असेच वाहून गेले. रंग चढला की न दिसणारं चित्र दिसायला लागतं. याला युक्रेनमध्ये काही नाव असेल असं नाही, पण तत्त्व हाताला कळतं आणि सोलून खाताही येतं. रंगवलेल्या कवचावर सुईने ओरखडून नक्षी काढायचाही एक प्रकार आहे, त्याला द्र्यापांका म्हणतात. तो मोठ्यांनी करावा.

सोव्हिएत काळात पिसांकेकडे धर्माचं काम म्हणून वाकडं बघितलं गेलं, तरी ती घराघरांत आणि परदेशी गेलेल्यांच्या स्वयंपाकघरांत टिकली. युक्रेनमधल्या कोलोमिया गावात 2000 सालापासून तिचं संग्रहालय आहे, इमारतच अंड्याच्या आकाराची. 2024मध्ये युनेस्कोने युक्रेन आणि एस्टोनिया यांच्या नावे पिसांकेची परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आमच्यापासून तासाभराच्या रस्त्यावर व्हेग्रेव्हिल गावात 1975पासून ॲल्युमिनियमची अवाढव्य पिसांका उभी आहे, वाऱ्याबरोबर वळते. मुलीने तिच्याकडे मान वर करून बघितलं आणि विचारलं, ‘ही कच्ची आहे का?’

क्राशांकेला असे मान मिळालेले नाहीत. ती खाऊन टाकतात, तिचं संग्रहालय कसं करणार? पण खेळ सगळा तिच्याच वाट्याला. सणाच्या सकाळी दोघांनी एकेक अंडं मुठीत धरायचं, टोकावर टोक आपटायचं, ज्याचं फुटलं त्याने आपलं अंडं समोरच्याला द्यायचं. माझा मुलगा अंडं इतकं खाली धरतो की फक्त टिंबाएवढं टोक दिसतं, आणि जिंकतो.

तारखेचा घोळ तेवढा लक्षात ठेवा. युक्रेनमधल्या बहुतेकांचा इस्टर जुन्या पंचांगाने येतो, इथल्या इतरांचा नव्या पंचांगाने. 2025मध्ये दोन्ही इस्टर 20 एप्रिलला एकत्र आले होते. 2026मध्ये मात्र नव्या पंचांगाचा 5 एप्रिलला, जुन्याचा 12ला. आम्हाला काय, रंगवायला आठवडा जास्त मिळतो.

आणि क्राशांकेची टरफलं कचऱ्यात टाकत नाहीत. ती नदीत सोडतात. वाहत वाहत ती दूर, जगाच्या टोकाला राहणाऱ्या रखमानी नावाच्या सज्जन लोकांपर्यंत पोचतात, मग त्यांना कळतं की इस्टर आला. त्यांच्याकडे पंचांग नसतं. हे रखमानी म्हणजे मुळात ब्राह्मण, सिकंदराच्या जुन्या कथांमधून तिकडे पोचलेलं भारतातल्या तपस्व्यांचं नाव. हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘रखमाई?’

या वर्षी आम्ही टरफलं नॉर्थ सस्कॅचवान नदीवर नेली. काठाला अजून बर्फाच्या लाद्या होत्या. मुलीने एकेक टरफल पाण्यावर ठेवलं आणि ते होडीसारखं फिरत पुढे गेलं की हात हलवला. मुलगा म्हणाला, ही नदी हडसन उपसागराला जाते, भारताकडे जातच नाही. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही, पिशवीतून पुढचं टरफल काढलं.