आकारिक मूल्यमापन

मूल शिकत असतानाच त्याला काय जमते आणि कुठे अडते हे हेरून त्याप्रमाणे शिकवणे बदलायचे, अशी ही मूल्यमापनाची पद्धत. सत्राच्या शेवटी होते ते संकलित मूल्यमापन. दोन्ही मिळून ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ते आठवीपर्यंत आणले आणि महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने त्याची चौकट ठरली.

पहिली-दुसरीला आकारिकचा भारांश ७० टक्के. पुढे दर दोन इयत्तांना तो दहाने उतरतो आणि सातवी-आठवीला ४० वर येतो. उरलेला वाटा संकलितचा. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, छोटी लेखी चाचणी ही आकारिकची साधने. चाचणी पुस्तक उघडे ठेवूनही घेता येते. गुणांच्या बेरजेवरून अ-१ ते इ-२ अशी श्रेणी मिळते.

पद्धतीचा खरा जीव मात्र श्रेणीत नसून वर्णनात्मक नोंदीत आहे. ‘वजाबाकी करताना हातचा विसरतो’ ही नोंद वाचून दुसऱ्या दिवशी काय शिकवायचे ते कळते. ‘अभ्यासात रस घेतो’ या नोंदीतून काहीच कळत नाही, आणि नोंदवह्यांत भरणा तिचाच. वर्गात पन्नास मुले, त्यांचे सगळे विषय आणि दोन सत्रे म्हटल्यावर तयार नोंदींच्या याद्या हातोहात फिरू लागल्या, त्यात नवल नाही. प्रकल्पांची गतही तीच: थर्मोकोलचा ज्वालामुखी बहुधा पालकांच्याच हातचा.

शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू केली.

दहावीला ही चौकट लागू नाही, पण तेथील अंतर्गत, म्हणजे शाळेनेच द्यायच्या, गुणांचा अनुभव बोलका आहे. भाषा व सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण २०१८-१९ मध्ये काढले गेले. राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षी अभ्यासक्रम नवा होता, भाषेला प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका, म्हणजे कृतींवर आधारलेली प्रश्नपत्रिका, आली होती. तेव्हा सगळे खापर त्या वीस गुणांवर फोडता येत नाही. पुढच्याच वर्षी ते परत आले.