तुटीची वाटणी: फ्लेक्सबॉक्समधले डबे आक्रसतात कसे?

वेबपानावर डबे एका ओळीत मांडायची पद्धत म्हणजे फ्लेक्सबॉक्स. त्यात डब्याच्या वाढीचा आकडा म्हणून 'फ्लेक्स-ग्रो: 2' लिहिलं की तो डबा शेजारच्याच्या दुप्पट होतो, अशी वेब डिझाइन शिकणाऱ्या पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. ग्रो वाटतो ती शिल्लक जागा, डब्याची पूर्ण रुंदी नव्हे.

ओळीची रुंदी 900 पिक्सेल धरा. तीन डब्यांची मूळ मापं, म्हणजे 'फ्लेक्स-बेसिस', 100, 200 आणि 300. शिल्लक राहिली 300. तिघांना ग्रो 1 दिला तर प्रत्येकाला शंभर-शंभर मिळून 200, 300, 400 होतात. सारखे होत नाहीत. आता पहिल्याला 2, दुसऱ्याला 1, तिसऱ्याला 0 द्या. तिन्ही डबे बरोबर 300 चे! रुंदीच गुणोत्तरात हवी असेल तर बेसिस शून्य करावा लागतो, म्हणजे सगळीच जागा शिल्लक ठरते. 'फ्लेक्स: 1' हे छोटं रूप नेमकं तेच करतं.

वाढीचं गणित एवढंच. खरी गंमत आक्रसण्यात आहे, आणि ती समजायला धुळे जिल्ह्यात जावं. पांझरा नदीवरच्या बंधाऱ्यांखाली शेकडो वर्षं पाणीवाटपाची फड पद्धत चालत आली. गावाचं बागायत तीन-चार फडांत, म्हणजे मोठ्या भागांत, विभागलेलं आणि खातेदाराची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी, हे तिचं तत्त्व. पाणी कमी पडलं की एखादा फड त्या वर्षी कोरडा ठेवायचा. ज्याची जमीन जास्त त्याची तूटही जास्त. लहान खातेदार पुरता बुडत नाही.

ब्राउझर तूट अशीच वाटतो. डबा किती आक्रसू द्यायचा हे सांगणारा 'फ्लेक्स-श्रिंक'चा आकडा तो डब्याच्या मूळ मापाने गुणतो आणि त्या गुणाकाराच्या प्रमाणात कात्री लावतो. समजा, केळीच्या भावाच्या पानावर एका ओळीत तीन डबे आहेत: बॅकग्राउंडला चित्र असलेला 120 चा चौकोन, तालुका व मालाचं वर्णन 400, भाव 80. बेरीज 600. मोबाइलची रुंदी 360, म्हणजे तूट 240. श्रिंक काहीच लिहिला नसेल तर तो 1 असतो. कपात अनुक्रमे 48, 160 आणि 32. उरतात 72, 240, 48. हीच तूट तिघांत समान वाटली असती तर प्रत्येकाचे 80 गेले असते आणि भावाचा डबा शून्यावर आला असता. शेतकरी ज्या आकड्यासाठी पान उघडतो तोच गायब! मापाने गुणण्याचा नियम त्यासाठी आहे.

पण इथे दुसरा नियम आडवा येतो. 'मिन-विड्थ', म्हणजे किमान रुंदी, लिहिलेली नसली तर ती 'ऑटो' असते आणि डबा आतल्या न तुटणाऱ्या सर्वांत लांब शब्दापेक्षा लहान होत नाही. भावाच्या आकड्याला 60 पिक्सेल लागत असतील तर 48 चालणार नाहीत. ब्राउझर तो डबा 60 वर गोठवतो आणि उरलेली 300 ची जागा घेऊन बाकी दोघांचं गणित पुन्हा मांडतो: चौकोन सुमारे 69, वर्णन सुमारे 231. एखादा डबा गोठला की हा हिशेब पुन्हा पहिल्यापासून होतो. म्हणूनच एका डब्याचा आकडा बदलला की भलताच डबा हलतो.

वर्णनात 'मुक्ताईनगर' असेल तर फारसं बिघडत नाही, कारण तेवढी जागा आहे. तिथे कुणी लांबलचक वेब पत्ता चिकटवला की मात्र डबा आक्रसायचं नाकारतो, ओळ पडद्याबाहेर जाते आणि अख्खं पान आडवं सरकायला लागतं. अशा वेळी नियम सक्तीने लादणारा 'इम्पॉर्टंट' शब्द जोडत सुटणं म्हणजे गाडीला लिंबू-मिरची बांधण्यासारखं आहे. बिघाड किमान मापात असतो, तिथे जोर लावून काही होत नाही. वर्णनाच्या डब्याला 'मिन-विड्थ: 0' द्या. मग डबा आक्रसेल, पण पत्ता शेजारच्या भावावर सांडेल. म्हणून सोबत 'ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर' हवं, म्हणजे लांब शब्द कुठेही तोडता येतो. या 'एनीव्हेअर'मुळे किमान मापही खाली येतं, त्यामुळे बहुतेकदा ते एकटंच पुरतं. 'ओव्हरफ्लो-रॅप: ब्रेक-वर्ड'नेही शब्द तुटतो, पण किमान माप मोजताना ब्राउझर ते तुटणं धरत नाही, त्यामुळे डबा होता तेवढाच राहतो.

चौकोन 69 पर्यंत दबून चित्र कापलं जाऊ नये म्हणून त्याला 'फ्लेक्स-श्रिंक: 0' द्या. मग 120 आणि 60 वजा जाता वर्णनाला 180 उरतात. तेवढ्यात मजकूर दोन-तीन ओळींत बसतो आणि भाव पूर्ण दिसतो.