दोष शहराचा की मालकाचा? एनएचएलमधल्या बुडालेल्या संघांची पार्श्वभूमी

उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या (बर्फावरच्या हॉकीच्या) नॅशनल हॉकी लीगचा (एनएचएल) एखादा संघ आर्थिक गर्तेत गेला की ‘तिथे हॉकी चालतच नाही’ असं म्हणून सगळे मोकळे होतात. जुनी प्रकरणं उघडून पाहिली, तर हा ठपका बऱ्याचदा इमानाने तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकांवर विनाकारण बसलेला दिसतो.

बाजारपेठ खरोखर आड आली ती १९९०च्या दशकात, कॅनडात. तिथल्या संघांची मिळकत कॅनेडियन डॉलरमध्ये, तर खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये. पगारांवर मर्यादा नाही आणि कॅनेडियन डॉलर घसरत चाललेला. २००२च्या सुरुवातीला तो अमेरिकी ६२ सेंटच्या आसपास पोचला होता. त्यात स्टेडियम जुनी, कंपन्यांना चढ्या भावाने विकायला खासगी बॉक्स (बंदिस्त आसनकक्ष) नाहीत. १९९५मध्ये क्वेबेकचा संघ अमेरिकेतल्या डेन्व्हरला गेला आणि पहिल्याच हंगामात स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकून बसला. १९९६मध्ये विनिपेगचा संघ फिनिक्सला गेला. क्वेबेक आणि विनिपेग या दोन्ही शहरांत हॉकीचं वेड तसूभरही कमी नव्हतं.

फिनिक्स तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक. पण संघाला जागा मिळाली ती बास्केटबॉलसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये. हॉकीचं मैदान लांबीला कितीतरी मोठं, त्यामुळे एका टोकाच्या वरच्या खुर्च्यांवरून खालचा गोलच दिसायचा नाही. असं तिकीट कोण घेणार? २००३च्या अखेरीस संघ ग्लेनडेलला नव्या स्टेडियममध्ये गेला. तेव्हाचे मालक स्टीव्ह एलमन हे जमीन-बांधकाम व्यवसायातले, आणि स्टेडियमभोवती व्यापारी संकुल उभारायची त्यांची योजना होती. ग्लेनडेल महानगराच्या पश्चिमेला, तर तिकिटं घेणारा मोठा वर्ग पूर्वेकडच्या स्कॉट्सडेल-टेम्पी भागात. कामाच्या दिवशी संध्याकाळच्या गर्दीतून शहर ओलांडायचं आणि सामन्याला वेळेवर पोचायचं, हे कुटुंबांना जमेना. मे २००९मध्ये पुढचे मालक जेरी मोयेस यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. अखेर लीगनेच संघ १४ कोटी डॉलरना विकत घेतला, आणि पुढची दोन वर्षं तोटा भरून काढायला ग्लेनडेल नगरपालिकेने दरवर्षी अडीच कोटी डॉलर मोजले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत अन्यायाची गोष्ट हीच: चुकीचे निर्णय मालकांचे, भुर्दंड करदात्यांना.

बफेलोचं उदाहरण आणखी स्पष्ट आहे. मालक जॉन रिगस यांची अडेल्फिया ही केबल कंपनी २००२मध्ये घोटाळ्यात कोसळली, आणि जानेवारी २००३मध्ये संघही दिवाळखोरीत गेला. टॉम गोलिसानो यांनी तो घेतला आणि काही वर्षांत त्याच छोट्या शहरात स्टेडियम भरू लागलं. उलट लॉस एंजेलिस ही अमेरिकेतली दुसऱ्या क्रमांकाची बाजारपेठ. वेन ग्रेट्झकी या सर्वांत नावाजलेल्या हॉकीपटूला तिथे आणणारे मालक ब्रूस मॅकनॉल बँकांच्या फसवणुकीत दोषी ठरले, आणि १९९५मध्ये तो संघही दिवाळखोर झाला.

पगारांच्या वादातून मालकांनी खेळाडूंवर लादलेल्या टाळेबंदीत २००४-०५चा अख्खा हंगाम गेल्यावर पगारांवर मर्यादा आली (पहिल्या वर्षी प्रत्येक संघाला ३.९ कोटी डॉलर) आणि श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला वाटा गरीब संघांकडे वळू लागला. मालकांच्या आपसातल्या कोर्टकज्ज्यांत अडकलेला अटलांटाचा संघ २०११मध्ये विनिपेगला आला, तेव्हा हंगामाची १३ हजार तिकिटं बघता बघता संपली. या वेळी पाठीशी कॅनडातल्या अतिश्रीमंतांपैकी एक, डेव्हिड थॉमसन होते आणि कॅनेडियन डॉलरही मजबूत होता. तरी १५ हजारांच्या स्टेडियमला फारशी चूक परवडत नाही. हंगामी तिकिटं साडेनऊ हजारांच्या घरात घसरल्यावर २०२४मध्ये सहमालक मार्क चिपमन यांनी, हे असंच चालू राहिलं तर भागणार नाही, अशी चिंता जाहीरपणे बोलून दाखवली. त्याच वर्षी ॲरिझोनाचा, म्हणजे आधीचा फिनिक्सचाच, संघ १२० कोटी डॉलरच्या व्यवहारात सॉल्ट लेक सिटीला गेला.