भरीत ‘उत्कृष्ट’ का होत नाही?

थंडी पडली की जळगाव जिल्ह्यातल्या मळ्यांत भरीत पार्ट्या सुरू होतात. तुरीच्या काड्यांवर फिकट हिरवी, मोठाली वांगी भाजायची, सोलून ठेचायची, वर कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे आणि सढळ हाताने तेल. या वांग्याला 2016मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अमळनेरकडच्या अशाच एका पार्टीत पुण्याहून आलेल्या भाच्याने पहिला घास घेतला आणि म्हणाला, ‘एक्सलंट!’ मावशीने अहिराणीत, म्हणजे खानदेशातल्या बोलीत विचारलं, ‘म्हंजे चांगलं व्हयनं का नही, पोऱ्या?’ तो गडबडून म्हणाला, ‘हो मावशी, उत्कृष्ट झालंय.’

मला ते ऐकताना खटकलं. ‘एक्सलंट’ला मराठी शब्द विचारला तर शाळेतलं मूलही ‘उत्कृष्ट’ सांगेल. पण भरिताला उत्कृष्ट कोण म्हणतं? भरीत भारी होतं, झकास होतं, फक्कड जमतं. उत्कृष्ट असतो तो कापूस, किंवा स्पर्धेतला निबंध.

फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी 1897मध्ये या गोष्टीचा नियम मांडला. दोन शब्द अगदी एकाच अर्थाचे असले, तर बोलणारे त्यांना फार काळ तसं राहू देत नाहीत. दोघांना वेगवेगळी कामं वाटून देतात, नाहीतर एक शब्द मागे पडतो. म्हणजे समानार्थी शब्द ही बरीचशी शाळेच्या व्याकरणाची सोय आहे. जिभेवर ते समान नसतात.

‘एक्सलंट’ मूळचा लॅटिन. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, आणि पुढच्या भागाचं नातं ‘सेल्सस’ म्हणजे उंच या शब्दाशी. सभोवतीच्या सपाटीतून वर उठलेलं, तापीकाठच्या शेतातून उत्तरेला सातपुडा दिसतो तसं. आपल्या ‘उत्तम’मध्येही हीच उंची आहे: ‘उद्’ म्हणजे वर आणि ‘तम’ हा सर्वाधिकपणा दाखवणारा प्रत्यय, म्हणून उत्तम म्हणजे सगळ्यांत वरचं. फारसीतून आलेल्या ‘जबरदस्त’मध्ये ‘जबर’ म्हणजे वर आणि ‘दस्त’ म्हणजे हात. ज्याचा हात वर, तो जबरदस्त. तीन भाषांनी चांगलेपणाला उंचीच द्यावी, याचं कारण जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन या अमेरिकी अभ्यासकांनी 1980मध्ये आपल्या शरीरात शोधलं. आजारी माणूस आडवा पडतो, बरा झाला की उठून बसतो. धान्य जास्त आलं की रास उंच होते. रोज डोळ्यांना दिसणारं हे वर-खाली भाषेत उतरतं.

‘उत्कृष्ट’ मात्र थेट शेतातून आलेला शब्द आहे, आणि मला तो फार आवडतो. त्यातला ‘कृष्’ धातू ओढण्याचा, नांगरण्याचा. कृषी त्यातूनच, आकर्षणही त्यातूनच. उत्कृष्ट म्हणजे वर ओढून काढलेलं, निकृष्ट म्हणजे खाली ओढलेलं. या शब्दामागे नेहमी एक ढीग उभा असतो, कुणीतरी त्यातून निवड करत असतं. जिनिंगमध्ये कापूस आला की तंतूची लांबी, ओलावा, कचरा बघून त्याची प्रत ठरते. तिथे ‘उत्कृष्ट’ शोभतो, कारण शेजारी दुसरा कापूस आहे. पानातल्या भरिताच्या शेजारी दुसरं भरीत नसतं. माझ्या मते भाच्याचा शब्द तिथेच फसला.

जळगावच्या सराफ बाजारात तिसरंच माप चालतं. कसोटीच्या काळ्या दगडावर सोनं घासलं की उमटते ती रेघ म्हणजे कस. बावनकशी हा शब्द त्यातून आला. ‘चोख’ही तिथलाच: ज्यात भेसळ नाही ते. म्हणून हिशोब चोख असतो, व्यवहार चोख असतो, बंदोबस्त चोख असतो. त्यात कुणावर मात करायची नसते, फक्त खोट नसावी लागते. गाणं चोख झालं असं म्हटलं, तर गायकाने चुका केल्या नाहीत एवढंच कळतं. ‘सुरेख’मध्ये रेषा आहे, म्हणून अक्षर सुरेख, रांगोळी सुरेख. पुण्यात जेवणही सुरेख होतं. मळ्यात मी तसं ऐकलेलं नाही. ‘अफलातून’ तर माणसाचं नाव. अरबीत ‘प’ हा उच्चार नाही, त्यामुळे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो तिथे अफलातून झाला, आणि त्याचं नाव मराठीत येऊन विशेषण बनलं. अजूनही त्यात नुसता चांगलेपणा नाही, कल्पनेपलीकडचं काहीतरी आहे.

हे अर्थ जागेवर थांबतही नाहीत. इंग्रजी ‘इग्रीजियस’ म्हणजे मूळ लॅटिनमध्ये कळपातून उठून दिसणारा. एकेकाळी ती स्तुती होती. आज इंग्रजीत तो ढळढळीत चुकीसाठी वापरतात, तर इटलीत पत्राच्या मायन्यात त्याचाच भाऊबंद ‘एग्रेजिओ’ मानाने लिहितात. ‘टेरिफिक’ म्हणजे आधी थरकाप उडवणारं होतं, मग नुसतं छान झालं. आपणही ‘भयंकर आवडलं’ म्हणतो तेव्हा भीती कुठे उरते? जोर दाखवायला तीव्र शब्द घ्यायचा, तो वापरून वापरून फिका पडला की दुसरा घ्यायचा, असं हे चालतं. ‘भारी’चा प्रवास तर पावलापावलाने दिसतो: भारी ओझं, मग भारी किंमत, मग भारी साडी, आणि शेवटी भारी भरीत. वजन गेलं, मोल राहिलं.

जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञांनी 1957मध्ये सांगितलं की शब्द ओळखायचा तर त्याची संगत बघा. आजचे संगणक याच वाटेने अर्थ शिकतात. 2013मध्ये गुगलच्या संशोधकांनी ‘वर्ड-टू-व्हेक’ ही पद्धत आणली. तिच्यात कोट्यवधी वाक्यांतले शेजारी बघून प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक जागा दिली जाते. सारख्या संगतीचे शब्द जवळ येतात. त्यात एक गंमतीची अडचण आहे: चांगलं आणि वाईट हेही जवळजवळ येतात, कारण दोघांची संगत बरीचशी एकच. चांगलं भरीत, वाईट भरीत. चांगला दिवस, वाईट दिवस. मावशीच्या ‘चांगलं का नही’ या प्रश्नापाशी अशी पद्धत नुसत्या संगतीवर अडखळते.

आणि संगत बघायला आधी मजकूर लागतो. ब्रिटिश काळातले भाषाअभ्यासक जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारताच्या भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खानदेशीचे, म्हणजे अहिराणीचे नमुने छापले, त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली. पण लाखो लोक बोलतात त्या मानाने अहिराणीत लिहिलेलं आजही थोडंच आहे. म्हणून जेवणं झाल्यावर मी एका जुन्या वहीत मावशीच्या बोलण्यातल्या जोड्या टिपल्या. वांग्याला कवळं, तेलाला चोखं, मिरचीला जहाल, भरिताला भारी. उत्कृष्ट एकदाही नाही.