कठडा स्टीलचा, धूर क्रोमियमचा

म्हापशाच्या एखाद्या गल्लीत बाल्कनीसाठी स्टीलचा कठडा जोडला जात असतो, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याची नजर ठिणग्यांवर खिळते. वेल्डरने डोळ्यांपुढे काळी काच धरलेली असते. पण तिच्याखालून वर चढणारा करडा धूर थेट त्याच्या नाकात जातो आणि खरी काळजी त्या धुराचीच वाटायला हवी.

अशा न गंजणाऱ्या (स्टेनलेस) स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या तांब्यातही हेच धातू असतात, तरी त्यातले पाणी पिऊन कुणाला कर्करोग होत नाही. धातू कोणत्या रासायनिक रूपात आहे आणि कोणत्या वाटेने शरीरात शिरतो, यावर सारे अवलंबून असते.

वेल्डिंगच्या प्रखर उष्णतेत क्रोमियमचा काही अंश षट्संयुजी होतो, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन गमावलेल्या रूपात जातो. त्याचा क्रोमेट आयन घडणीने सल्फेटसारखा असल्यामुळे, सल्फेट आत घेण्यासाठी पेशीने ठेवलेल्या दारांतून तोही सहज आत येतो. तीनच इलेक्ट्रॉन गमावलेल्या त्रिसंयुजी क्रोमियमला मात्र ही वाट जवळपास बंदच असते. षट्संयुजी क्रोमियम पेशीत आल्यावर क जीवनसत्त्वासारखी द्रव्ये त्याला इलेक्ट्रॉन देऊन त्याचे त्रिसंयुजी रूपात क्षपण करतात. हीच क्रिया जठरात घडली तर ती आपले रक्षण करते, कारण तिथे तयार झालेले त्रिसंयुजी क्रोमियम बहुतांशी पेशींबाहेरच राहते. फुप्फुसाच्या पेशीत ती घडते तेव्हा ते डीएनएच्या अगदी शेजारी तयार होते, त्याला चिकटते, धागे तुटतात आणि पेशी विभागताना नकलेत चुका शिरतात.

निकेलची रीत वेगळी आहे. काही विकरांमधल्या (एन्झाइममधल्या) लोहाची जागा ते बळकावते आणि पेशींच्या वाढीला लगाम घालणारी जनुके मुकी होऊ शकतात.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली षट्संयुजी क्रोमियम आणि निकेलची संयुगे, तर २०१७ साली वेल्डिंगचा धूर, मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांमध्ये धरला.

गोव्यातल्या जुवारी नदीकाठी दुरुस्तीला आलेल्या बार्जच्या, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीच्या पोटात, जिथे वारा फिरत नाही, तिथे धूर साचत जातो. तो उठतो तिथूनच खेचून घेणारी नळी आणि सूक्ष्म कण अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. नाकावर बांधलेल्या रुमालाने काही साधत नाही, कारण या धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही लहान असतात आणि कापडाच्या विणीतून सहज पार होतात.