खडपावरील गरवणे

किनाऱ्याला लागून समुद्रात शिरलेल्या खडकाळ पट्ट्यावर, म्हणजे खडपावर उभे राहून गरीने मासे धरण्याची पद्धत. गरी म्हणजे गळ. त्यावरून कोकणात ‘गरवणे’ हे क्रियापद आले. हर्णे, जयगड, आंबोळगड, देवगड, निवती आणि पुढे गोव्यात वागातोरपर्यंत जांभ्याच्या आणि काळ्या कातळाच्या कडा अनेक ठिकाणी थेट पाण्यात उतरतात. पुळणीवरून जे खोल पाणी गाठायला होडी लागते, ते इथे पायाखालीच असते. धोकाही त्याच कारणाने आहे.

या मासेमारीत काठी-दोरापेक्षा पाण्याचे वेळापत्रक आधी शिकावे लागते. कोकण किनाऱ्यावर दिवसात दोन भरत्या येतात आणि रोजची भरती आदल्या दिवशीपेक्षा साधारण ५० मिनिटे उशिरा होते. मुंबईच्या आसपास चालणारा जुना हिशोब असा : तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती पूर्ण होते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून सिंधुदुर्ग-गोव्यात हे गणित जसेच्या तसे वापरू नये; भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात जवळच्या बंदराची वेळ पाहावी. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस उधाण असते, अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी. मोठ्या उधाणाला मुंबई-रायगडकडे भरती आणि सुकतीतला (ओहोटीतला) फरक चार मीटरांवर जातो, गोव्याकडे तो दोन-सव्वादोन मीटरच भरतो.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या चढाचे बारा भाग धरले तर तासागणिक १, २, ३, ३, २, १ असे भाग चढतात. चार मीटरच्या उधाणात पहिल्या तासात जेमतेम फूटभर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात एकेक मीटर. नवखा माणूस पहिला तासभर बघून ‘पाणी हळू चढतंय’ असे ठरवतो आणि तिथेच फसतो. त्यातही बहुतेक खडपांची पाठ मधे खोलगट असते : आपण उभे आहोत तो उंचवटा कोरडाच राहतो आणि परतीच्या वाटेवरची घळ आधी भरते. घोट्याएवढे पाणी अर्ध्या तासात मांडीला लागते, आणि घळीतून ते आडवे वाहत असते. म्हणून जाताना घळीतला एखादा ठळक दगड हेरून ठेवतात. तो बुडायला लागला की मासा लागत असला तरी सामान उचलायचे.

गरवायला सगळ्यात चांगला काळ भरतीचे पहिले दोन-अडीच तास. सुकतीत उघडे पडलेले खडप पाण्याखाली जाऊ लागले की कुर्ल्या आणि कोळंबी खायला मासे कपारींत शिरतात. ऐन उधाणात ओढ इतकी असते की दोराला वजन म्हणून बांधलेले शिसे तळाला टिकत नाही आणि शेवाळ दोराला गुंडाळते. भांगाला पाणी फार मंद असते. चतुर्थी ते सप्तमी हे दिवस बरे.

एकपदरी नायलॉनच्या दोराला इथे तंगूस म्हणतात. मुख्य तंगूस ०.४० ते ०.४५ मिमी पुरते. विणलेला दोर वापरणाऱ्याने पुढे दोन मीटर ०.७० मिमीचे तंगूस जोडावे, कारण विणलेला दोर ताणलेला असताना खडकाला नुसता घासला तरी तुटतो. खरी अडचण शिसे अडकण्याची. त्यावर उपाय : तीन तोंडांची फिरकी (दोर जोडायची फिरती कडी) घ्यावी, एका तोंडाला मुख्य तंगूस, दुसऱ्याला हातभर दोरीवर गरी, तिसऱ्याला त्याहून वीतभर लांब पण बारीक, ०.२५ मिमीची दोरी आणि तिच्या टोकाला वजन. वजन कपारीत अडकले की बारीक दोरी तुटते, गरी आणि मासा हाती राहतो. वजन जाणारच असल्याने शिशाऐवजी जुना स्पार्क प्लग किंवा गंजका नट बांधणे शहाणपणाचे. मात्र अशी जोडणी झटक्याने फेकली तर बारीक दोरी हवेतच तुटून वजन बंदुकीच्या गोळीसारखे सुटते, झुलवूनच फेकावी. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करतात, कोरडे तंगूस घासून तापते आणि नेमके तिथेच तुटते.

आमिष म्हणून कोळंबी, तारली, बांगड्याची लांबट कापटी किंवा माकूल (स्क्विड). केंड मासा आला की तो गरी-दोरी कुरतडतो. तेव्हा जागा बदलावी, आणि विषारी असल्याने तो खाऊ नये. तांबोशी, हेकरू, करकरा ही खडपाची खरी कमाई. हेकरू लागताच पहिल्या दोन-तीन सेकंदांत वर ओढला नाही तर बिळात शिरून कल्ले फुगवतो. मग कितीही ओढा, दोर तुटेल, मासा हलणार नाही. दोर पूर्ण सैल सोडून पाच मिनिटे थांबावे. ओढ गेली असे वाटून तो बहुधा स्वतःच बाहेर येतो.

खाली उतरण्यापूर्वी वीस मिनिटे लाटा पाहाव्यात. जिथवर कातळ ओला, तिथवर लाट येते. एप्रिल-मेमध्ये वारा अजिबात नसताना दक्षिण हिंदी महासागरातून आलेल्या लांब लाटा अचानक उसळतात. त्याचा इशारा हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते. गमबूट घालू नयेत, पाणी भरले की ते पायातले दगड होतात. मासा उचलायला खालच्या पायरीवर न जाता चढत्या लाटेबरोबर त्याला वर घ्यावे. कोणी पाण्यात पडलेच तर त्याने कालवांनी भरलेल्या कातळाला धरायला धडपडू नये, लाट तिथेच आपटते. कड्यापासून दूर पोहून तरंगत राहावे; काठावरच्याने दोरी बांधलेला, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा, उडी मारू नये.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे गरी टाकण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी.

शिंगाळा गरीला लागला तर हाताने धरू नये. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे असे त्याचे तिन्ही काटे करवतीसारखे आणि विषारी असतात. कापडाने दाबून पकडीने गरी काढावी. काटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी, उष्णतेने ते विष निकामी होऊन ठणका कमी होतो. मोडलेला तुकडा आत राहिला असेल तर तो दवाखान्यातच काढून घ्यावा.