सतराव्या ब्लॉकवर अडणारी फाइल

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतील एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये नऊ पिनांच्या सिरियल पोर्टचा जुना संगणक आजही जपून ठेवलेला असतो, कारण सीएनसी (संगणक-नियंत्रित) लेथला प्रोग्राम पाठवण्याचे काम तो बिनतक्रार करतो. अडचण येते ती त्यातले जुने प्रोग्राम एक्समोडेम या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने दुसऱ्या संगणकावर उतरवून घेताना. फाइल अडली की पहिला संशय केबलवर जातो. वास्तविक ती नेमकी कोठे अडली, हे पाहिले तरी दोषाचा माग लागतो.

वॉर्ड क्रिस्टेनसेन यांनी १९७७ मध्ये रचलेल्या एक्समोडेममध्ये फाइलचे १२८ बाइटांचे ब्लॉक पडतात. प्रत्येक ब्लॉकच्या आरंभी त्याचा क्रमांक जातो आणि पडताळ्यासाठी २५५ मधून तो क्रमांक वजा केलेली संख्याही जाते. म्हणजे पहिल्या ब्लॉकसोबत १ आणि २५४. यातील २५४ ला आठ बिट लागतात; पण लेथच्या सोयीसाठी पोर्ट सात बिट आणि इव्हन पॅरिटीवर (चूक ओळखण्यासाठीच्या जादा बिटावर) ठेवलेले असेल, तर आठवा बिट गळून पलीकडे १२६ पोहोचतात, पडताळा जुळत नाही आणि पहिलाच ब्लॉक पुन्हा पुन्हा नाकारला जातो.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. लेथसाठी बहुधा एक्स-ऑन/एक्स-ऑफ, म्हणजे माहितीचा ओघ थांबवण्याची व पुन्हा सोडण्याची सोय, चालू असते. त्यात १९ हा बाइट म्हणजे ‘थांब’ आणि १७ म्हणजे ‘चालू कर’. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये हे बाइट नसतात, त्यामुळे २,०४८ बाइट, म्हणजे सोळा ब्लॉक, सुखरूप जाऊ शकतात. सतराव्या ब्लॉकचा क्रमांक मात्र १७ असतो. घेणारे पोर्ट त्याला हुकूम समजून गिळते, ब्लॉक एका बाइटाने तोकडा पडतो आणि कितीही वेळा पाठवला तरी तोकडाच राहतो. फाइलमध्ये नसलेल्या बाइटाने फाइल अडावी, ही गंमत दोन केबली विकत घेऊन बसलेल्याला अर्थातच रुचत नाही.

दोन्ही टोकांना आठ बिट, पॅरिटी नाही आणि एक्स-ऑन/एक्स-ऑफ बंद, एवढे केले की दोन्ही दोष जातात. सेटिंग बदलता येत नसेल, तर कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये तयार झालेले कर्मिट हे फाइल पाठवण्याचे दुसरे तंत्र वापरावे. ते १७ हा बाइट उघडा न पाठवता # आणि क्यू या दोन साध्या चिन्हांत गुंडाळून पाठवते.

एक्समोडेम फाइलची लांबी कळवत नाही. शेवटचा ब्लॉक भरतीच्या बाइटांनी पुरा केला जातो, म्हणून १,००० बाइटांची फाइल १,०२४ ची होऊन उतरते. ती भरती काढल्याशिवाय प्रोग्राम लेथला देऊ नये, आणि देण्यापूर्वी पोर्टची सेटिंगही पूर्ववत करावी.